डॉक्टरांसमोर बसण्याआधी : बीपी-शुगरचे निर्णय दोघांनी मिळून कसे घ्यायचे

माझ्या सासूबाईंना बीपी आणि शुगर दोन्ही आहे. मी त्यांना आईच म्हणते. देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीतून त्यांना दवाखान्यात न्यायचं म्हणजे पहाटेची एसटी पकडायची, मध्ये गाडी बदलायची आणि उतरल्यावर चढण चढायची. दोन वर्षं एकच घडत होतं. दवाखान्यात बीपी मोजलं की १७० च्या वर जायचं, डॉक्टर गोळी वाढवून द्यायचे आणि घरी आठवडाभरात चक्कर सुरू व्हायची. एका संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावताना त्या कोसळल्या आणि मनगट मोडलं. त्या रात्री घरी मोजलेलं बीपी होतं ९८/६०.

हात प्लास्टरमध्ये घेऊन ओटीवर बसल्या असताना त्या हळूच म्हणाल्या, "अगो, त्या गोळयेन सारखा लघवेक जावचा लागता. गाडयेत पंचाईत होता. म्हणान डॉक्टराकडे जावचा असला की मी ती घेनंय नाय." आदल्या दिवसापासूनच त्या गोळी सोडायच्या. म्हणजे डॉक्टर नेमका बिनगोळीच्या, उपाशी, दमलेल्या दिवसाचा आकडा बघत होते आणि त्या आकड्यासाठी डोस वाढवत होते. आई घरी मात्र तो वाढलेला डोस नियमाने घेत होत्या. डॉक्टरांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनीही विचारलं नव्हतं.

ही गोष्ट मला फार लागली. तेव्हापासून प्रत्येक भेटीला आम्ही तयारी करून जातो. बीपी, शुगर, मूत्रपिंड, दमा हे आजार जन्माचे सोबती. त्यांत औषध कुठलं हे डॉक्टरांना कळतं, पण ते औषध आपल्या घरात, आपल्या कामात आणि आपल्या एसटीत कसं चालणार हे आपल्यालाच ठाऊक असतं. दोन्ही गोष्टी एका टेबलावर आल्याशिवाय निर्णय नीट होत नाही. त्या कशा आणायच्या, ते क्रमाने सांगते.

सोबत काय न्यायचं

- सगळी औषधं, पाकिटांसकट, एका पिशवीत (चिठ्ठी पुरेशी नाही)
- मागचे केसपेपर आणि रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावून
- बीपी-शुगरची वही
- घरी असेल तर बीपीचं मशीन. वर्षातून एकदा ते दवाखान्यातल्या मशीनशी ताडून बघा
- आधार कार्ड, रेशन कार्ड. काढलं असेल तर आयुष्मान कार्ड
- एका कागदावर लिहिलेले तीनच प्रश्न
- रोज औषध देणारं माणूस. गाडी चालवणारा दीर आला आणि औषध देणारी सून घरी राहिली, तर भेट निम्मी फुकट जाते.

१. निर्णय बोलून घेण्यासारखा आहे का, ते आधी ओळखा

छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, शुद्ध हरपणं अशा वेळी चर्चा करत बसायचं नाही. १०८ ला फोन करा आणि डॉक्टर सांगतील ते करा. शुगर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका.

बाकीचे बरेचसे निर्णय मात्र बोलून घेण्यासारखे असतात. दुसरी गोळी कुठली जोडायची, इन्सुलिन आत्ता की तीन महिन्यांनी, कुठला आकडा गाठायचा, तपासण्या किती दिवसांनी, डायलिसिस लागलंच तर कुठल्या गावी. यांत एकापेक्षा जास्त बरोबर उत्तरं असतात, आणि त्यातलं कुठलं निवडायचं ते तुमच्या जगण्यावर ठरतं.

२. पिशवी भरताना काही मागे ठेवू नका

पिशवीत काढाही घाला, वैद्यांची पुडीही घाला आणि मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणलेली दुखण्याची गोळीही घाला. लावणीच्या दिवसांत आमच्याकडे कंबर-गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या सर्रास खाल्ल्या जातात. त्यांनी बीपी वाढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. डॉक्टरांना हे माहीत नसेल, तर वाढलेल्या बीपीवर ते आणखी एक गोळी देतील. दोष दुखण्याच्या गोळीचा आणि उपाय भलताच.

शहाळ्याचंही सांगा. अंगणातला माड असला की शहाळं आपण औषधासारखं पितो. पण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. मूत्रपिंड अशक्त असेल आणि टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलच्या जातीची बीपीची गोळी चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. "शहाळं चालेल का?" हा कोकणातल्या रुग्णाने विचारलाच पाहिजे असा प्रश्न आहे.

३. पंधरा दिवस वही लिहा

भेटीआधीचे पंधरा दिवस पुरतात. बीपी सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी मोजा. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. त्याआधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. दवाखान्यात १४०/९० ही रेषा धरतात, घरच्या मोजणीला १३५/८५.

आकड्यांशेजारी एक रकाना "काय झालं" याचा ठेवा. गोळी चुकली, एकादशी होती, सुका बांगडा खाल्ला, रात्रभर झोप नाही, चक्कर आली. आमच्या वहीत हाच रकाना सगळ्यात उपयोगी ठरला. चक्कर नेहमी सकाळी अकराच्या सुमाराला येते, हे डॉक्टरांनी त्यातूनच हेरलं.

सापळा : भेटीआधीचे चार दिवस शहाण्यासारखं खाऊन आकडे सुंदर करू नका. एचबीएवनसी या रक्ततपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी कळतेच. वही खोटी असेल, तर त्या खोट्या वहीवर औषध ठरेल.

४. घरात आधी विचारा : त्यांना काय हवंय?

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मीही गाळली होती. आईंना काय हवंय हे मी दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. त्यांची शुगर आटोक्यात यावी, एवढंच आम्ही सगळे म्हणत होतो.

विचारलं तेव्हा त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. गणपतीत आरतीला शेवटपर्यंत उभं राहता यावं. एसटीत लाज जाऊ नये. आणि भात सोडायला लावू नका. चौथी गोष्ट खूप वेळाने आली : लेकाच्या पैशांवर महागडं औषध नको. यातलं एकही वाक्य कुठल्याच केसपेपरवर नव्हतं.

भाताचं तर असं झालं होतं की "भात बंद" म्हटल्यावर त्या दवाखान्यात मान डोलवायच्या आणि घरी येऊन पेज प्यायच्या. सत्तर वर्षं भातावर वाढलेल्या माणसाला भात बंद कसा करणार? मोकळेपणी बोलणं झालं तेव्हा ठरलं ते वेगळंच. दुपारी उकड्या तांदळाचा भात, पण ठरलेल्या एका वाटीनेच, सोबत माशाचं कालवण किंवा कुळथाची पिठी आणि भाजी. रात्री भाकरी. मेमध्ये हापूसची एक फोड जेवणानंतर गोड म्हणून न खाता मधल्या वेळेला खायची आणि दोन तासांनी मशीनवर बघायचं. हे त्या दीड वर्ष पाळतायत. (नाचणीची भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, असं समजू नका. तिनेही शुगर वाढते.)

विचारताना माणसाला एकटं गाठा. चार जणांत म्हातारी माणसं "माका काय व्हया? तुमी म्हणशात ता" एवढंच म्हणतात.

५. पहिल्या मिनिटातच मुद्दा मांडा

सरकारी दवाखान्यात ओपीडीच्या दिवशी रांग मोठी असते आणि एका रुग्णाला मिळणारी मिनिटं मोजकी. खाजगीतही फार वेगळं नाही. त्यामुळे बसल्या बसल्या पिशवी टेबलावर ठेवा आणि तयार केलेलं वाक्य बोला. आमचं वाक्य होतं : "डॉक्टर, आई प्रवासाच्या दिवशी लघवीची गोळी घेत नाहीत आणि घरी त्यांना चक्कर येते. वहीत लिहिलंय. त्यांना चालेल अशी वेळ किंवा गोळी बघूया का?"

डॉक्टरांनी वही दोन मिनिटं बघितली. मग आईंकडे वळून विचारलं, "काकी, हे आधी का नाही सांगितलंत?" आई म्हणाल्या, "तुमी रागावशात म्हणान." ते रागावले नाहीत. वाढवलेला डोस त्यांनी कमी केला, जोडगोळी (एकाच गोळीत दोन औषधं) सोडवून दोन वेगळ्या गोळ्या दिल्या आणि लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी घरी परतल्यावर घ्यायला सांगितली. दोन वर्षांचा गुंता इतका सरळ सुटला, याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हाच बोललो असतो, तर मनगट शाबूत राहिलं असतं.

एक सूचना : हा बदल आईंपुरता आहे. वेळ आणि डोस मनाने बदलू नका, विचारून बदला.

६. तीन प्रश्न

ऑस्ट्रेलियात रुग्णांना तीन साधे प्रश्न विचारायला शिकवून पाहिलं होतं आणि डॉक्टरांकडून मिळणारी माहिती त्यामुळे सुधारली. आपल्या भाषेत ते असे :

- माझ्यापुढे कुठले कुठले मार्ग आहेत? (काहीच न बदलता थांबणं हाही एक मार्ग धरा.)
- प्रत्येकाचा फायदा काय, त्रास काय?
- माझ्या बाबतीत तो फायदा किंवा त्रास होण्याची शक्यता किती?

तिसरा प्रश्न सोडू नका. "त्रास होऊ शकतो" आणि "शंभरातल्या पाच जणांना होतो" या दोन वाक्यांनी माणूस वेगवेगळं ठरवतो. डॉक्टरांना नेमका आकडा देता आला नाही, तरी "क्वचित" की "बऱ्याच जणांना" एवढं ते सांगतीलच.

७. औषधं शेजारी शेजारी मांडून घ्या

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने मधुमेहाच्या औषधांसाठी पत्ते तयार केले आहेत. एकेका पत्त्यावर एकच मुद्दा : शुगर किती उतरेल, ती धोक्याइतकी खाली जाईल का, वजनाचं काय, खर्च किती, रोजच्या दिवसात कसं बसेल. आधी कुठला पत्ता बघायचा ते रुग्णच निवडतो. आम्ही जुन्या कॅलेंडरच्या मागे तसेच रकाने आखले आणि डॉक्टरांना विचारत भरले. साधारण चित्र असं :

मेटफॉर्मिन जुनी आणि स्वस्त. एकटी घेतली तर शुगर फार खाली सहसा जात नाही. सुरुवातीला पोट बिघडतं. जेवणासोबत घेतली किंवा हळू विरघळणारी घेतली तर त्रास कमी होतो. वर्षानुवर्षं चालू असेल, तर बी-१२ तपासायचं का ते विचारा.

ग्लिमेपिराइडही स्वस्त आणि चांगली जोरकस. पण गोळी घेतली आणि जेवण राहिलं की शुगर उतरते, वजनही वाढू शकतं. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार करणाऱ्या घरात ही गोळी असेल, तर उपवासाचं आधीच ठरवून घ्या.

सिटाग्लिप्टिनच्या जातीच्या गोळ्यांनी शुगर उतरण्याची भीती कमी असते, वजनही फारसं हलत नाही, पण परिणाम मध्यम.

डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. वजन थोडं कमी होतं, हृदय आणि मूत्रपिंड यांना संरक्षण मिळतं. पण लघवी वाढते आणि जांघेत, नाजूक जागी बुरशीचा त्रास होऊ शकतो. उलट्या-जुलाब असतील किंवा कडक उपवास असेल, त्या दिवशी गोळी थांबवायची का, हे विचारून ठेवा.

आईंना डॉक्टरांनी आधी हीच शेवटची सुचवली होती. आईंनी एकच विचारलं, "हेनाव लघवी वाढतली?" हो म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. मग सिटाग्लिप्टिन ठरलं. हे जमलं कारण त्यांच्या लघवीतल्या प्रथिनाचा आणि क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा, रिपोर्ट चांगला होता. मूत्रपिंडाला इजा सुरू झाली असती तर डॉक्टर आग्रह धरणार होते, तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला हे आवडलं. डॉक्टरांनी आपलं मत सांगायलाच हवं.

खर्चाचं बोलायला लाजू नका. डापाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं, सिटाग्लिप्टिनचं २०२२ मध्ये, आणि दोन्हींच्या किमती बऱ्याच उतरल्या. तेव्हा जुन्या ऐकीव भावावर निर्णय घेऊ नका. "जेनेरिक चालेल का?" विचारा आणि जनऔषधी केंद्रात भाव बघा. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. आपल्या आशाताईंना विचारा.

८. आकडा किती गाठायचा, हाही निर्णयच

एचबीएवनसी ७ च्या खाली हे बऱ्याच प्रौढांसाठी ध्येय असतं. पण वय झालेलं, इतर आजार असलेलं, वारंवार शुगर उतरणारं माणूस असेल, तर ८ पर्यंतही डॉक्टर मान्य करतात. पडून खुब्याचं हाड मोडण्यापेक्षा आकडा थोडा वर बरा. "आईंसाठी किती?" असं थेट विचारा आणि तो आकडा केसपेपरवर लिहून घ्या.

इन्सुलिनचंही असंच मुदत घालून ठरवा. आमच्या गावात इन्सुलिन म्हणजे शेवट, असं अजून मानतात. आईही घाबरल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, नवीन गोळीवर तीन महिने बघू, ८ च्या खाली आलं नाही तर रात्रीचं एक इंजेक्शन सुरू करू. तीन महिन्यांनी आलं ८.६. तेव्हा आईच म्हणाल्या, "दाखवा कसा टोचूचा ता." आधी बोलणं झालेलं असल्यामुळे त्यांना ती शिक्षा वाटली नाही.

९. उठण्याआधी परत सांगून दाखवा

"म्हणजे ही सकाळी, ही रात्री जेवल्यावर, चक्कर आली तर बीपी मोजून फोन करायचा, आणि तीन महिन्यांनी रिपोर्ट घेऊन यायचं. बरोबर ना?" एवढं बोलून दाखवा. चूक तिथेच सापडते. मोबाइलवर आवाज भरून घ्यायचा असेल तर आधी विचारा.

१०. मुंबईची फाइल आणि गावची फाइल

गणपतीला चाकरमानी येतात आणि परत जाताना आई-बाबांना तपासणीसाठी घेऊन जातात. मुंबईचे डॉक्टर तीन गोळ्या बदलतात, गावी आल्यावर जुन्याही चालू राहतात. आमच्या शेजारी एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी महिनाभर घेतलं जात होतं. पाकिटावर औषधाचं मूळ नाव बारीक अक्षरात असतं, ते वाचा. नियमित बघणारा डॉक्टर एकच ठरवा आणि बाकीच्यांचा सल्ला त्याच्यासमोर ठेवा. मुंबईतल्या दीराला भेटीच्या आधी फोन करा, नंतर नको. नंतर केला की ठरलेलं सगळं पुन्हा उकरलं जातं. आणि आई स्वतः काय म्हणाल्या, ते त्याला त्यांच्याच तोंडून ऐकू द्या.

११. डॉक्टर ऐकून घेत नसतील तर

एकदा शांतपणे म्हणा, "मला समजून घ्यायचंय, मग मी ते नीट पाळीन." बहुतेक वेळा एवढ्याने काम होतं. नाही झालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत तो आहे. रुग्णालयात दाखल झाला असाल, तर मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं देणं डॉक्टरांवर २००२ च्या आचारसंहितेने बंधनकारक आहे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पण भांडणाने सुरुवात करू नका. उद्या पुन्हा त्याच दारात जायचं असतं.

१२. पावसाळ्याचं मे महिन्यातच ठरवा

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्याकडे वीज किती दिवस नव्हती, ते इथल्या कुणाला सांगायला नको. म्हणून मेच्या भेटीत तीन गोष्टी विचारून घ्या : महिनाभराची जास्तीची औषधं लिहून द्याल का, रस्ता बंद झाला तर फोनवर कुणाशी बोलायचं, आणि इन्सुलिन फ्रिजशिवाय कसं ठेवायचं.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. वापरात असलेलं बाहेर साधारण चार आठवडे टिकतं, पण ३० अंशांच्या वर नको. नेमकं पाकिटावर वाचा. वीज गेली की आम्ही मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात छोटं मडकं बसवतो, इन्सुलिनचं पेन घट्ट झाकणाच्या डबीत ठेवून ती डबी आत, वर ओलं फडकं. हवा कोरडी असली आणि वारा असला की हे छान गार राहतं. पावसाळ्याच्या दमट हवेत तितकं नाही, तेव्हा मडकं चुलीपासून लांब, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवा. आमच्याकडे ते देवघराखाली असतं, आणि त्यावरचं फडकं ओलं करण्याचं काम आईंनी स्वतःकडे घेतलंय.